गच्चीवरची वीस मीटर तार

आमच्या पिढीतील वाचकांना दिवाणखान्याच्या आढ्याजवळ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याची जाळीदार पट्टी आठवत असेल. तिच्या दोन्ही टोकांना चिनी मातीचे मणी असत आणि तिच्यापासून निघालेली एक वायर रेडिओच्या पाठीमागे खोचलेली असे. कॅम्पातल्या कौलारू घरांत ती पट्टी देवघरातील समईइतकीच ओळखीची होती. सकाळी सांगली, दुपारी धारवाड आणि बुधवारी रात्री सिलोन, असा तिचा दिनक्रम. आवाज खरखरू लागला की वडीलधारी मंडळी खुर्चीवर चढून ती पट्टी जराशी सरकवीत, आणि आम्ही मुले खाली बसून 'आता आलं, आता गेलं' असे ओरडत असू. पुढे ट्रान्झिस्टर आले, मग दूरदर्शन आले, आणि ती जाळी रद्दीबरोबर गेली. तिच्याबरोबर एक साधे ज्ञानही घरातून गेले. आकाशातून येणाऱ्या आवाजाला झेलण्यासाठी तारेचे एखादे टोक उघड्यावर असावे लागते, हे ते ज्ञान.

ते आम्हांस पुन्हा शिकावे लागले, त्याचे कारण सुखाचे नव्हते.

२०१९ सालच्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यातील नद्यांनी जे रूप धारण केले ते वाचक विसरले नसतील. निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि रस्ता बंद झाला. आमची कन्या निपाणीच्या बाजूला नदीकाठच्या एका गावी दिली आहे. संध्याकाळी तिचा फोन आला, 'पाणी मागच्या अंगणात आलंय, वीज गेली आहे, आम्ही सासूबाईंना माळ्यावर नेतो आहोत.' त्यानंतर फोन लागेना. मोबाइलची बॅटरी संपली असणार हे बुद्धीला पटत होते. मनाला पटत नव्हते. ती रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार आम्ही कशी काढली ते लिहीत नाही. दुपारी उशिरा एका परक्या माणसाच्या फोनवरून चार शब्द आले आणि घरात चूल पेटली. निपाणी आमच्यापासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. एवढ्या अंतरावर लेकीचे कुशल कळू नये, ही गोष्ट मनात रुतून बसली.

त्या काळजीतून आम्ही हौशी रेडिओकडे वळलो. आमचा पुतण्या महाविद्यालयात असतानाच त्याचा परवाना मिळवून बसला होता. घरात त्या छंदाची आम्ही थट्टाच करीत असू. पूर ओसरल्यावर आम्हीच त्याला हाक मारली.

हौशी रेडिओ म्हणजे काय

जगभर ज्यांना 'हॅम' म्हणतात, ते हे हौशी रेडिओचालक. व्यापार किंवा प्रचार यांसाठी नव्हे, तर स्वतःच्या शिक्षणासाठी आणि परस्परसंवादासाठी त्यांना काही ठरावीक तरंगपट्टे दिलेले असतात. आपल्या देशात ही हौस शंभर वर्षांहून जुनी आहे; १९२१ साली कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना पहिला परवाना मिळाला. १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने ध्वनिक्षेपण केले, तेही हौशी मंडळींचेच काम होते.

बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही भारतीयास ही परीक्षा देता येते. बिनतारी शास्त्राची मूलतत्त्वे आणि नियम असे तिचे दोन भाग आहेत. वरच्या श्रेणीसाठी मोर्स लिपीही लागते. परवान्याबरोबर एक संकेतनाम मिळते, त्याचा आरंभ बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी होतो. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे. आमचा कॅम्प तर लष्करी वस्तीचा. पहाटेचा बिगुल ऐकून येथे घड्याळे लावली जात. तेव्हा परवाना हाती असणे, त्यावरचा पत्ता बरोबर असणे आणि तार कशाची आहे हे शेजाऱ्यांना आधी सांगणे, या तीन गोष्टी आम्ही कटाक्षाने पाळल्या. जावईबापूंनीही निपाणीकडून परीक्षेचा अर्ज भरला. परीक्षा, चौकशी आणि परवाना यांत वर्ष सरले. ते वर्ष आम्ही तार समजून घेण्यात घालवले.

पाच वॅटची शक्ती

पुतण्याचे यंत्र एका डब्यात मावणारे, पाच वॅट शक्तीचे. सायकलच्या डायनॅमोवर लागणारा दिवा सुमारे तीन वॅटचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे पाच वॅट किती थोडे ते कळेल. असली यंत्रे आता घरीही बांधता येतात. हैदराबादचे अशहर फरहान यांनी या शतकाच्या आरंभी 'बिटएक्स' नावाच्या यंत्राचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्यातील वेटोळी गुंडाळण्यासाठी त्यांनी पाण्याच्या नळाचे वायसर वापरले होते. जगातील कित्येक हौशी मंडळींनी तो आराखडा समोर ठेवून आपापली यंत्रे उभी केली.

'एवढ्याशा शक्तीने निपाणी गाठणार?' असे आम्ही विचारले. त्यावर पुतण्याने जो हिशेब मांडला तो आम्हांस फार आवडला. ऐकणाऱ्याच्या यंत्रावर आवाजाचे बळ दाखवणारी एक सुई असते. शक्ती चौपट झाली की ती सुई एक घर पुढे सरकते. म्हणजे शंभर वॅटवरून पाच वॅटवर आलो, शक्ती वीसपट घटली, तरी सुई दोन घरांहून किंचितच अधिक खाली येते. उलट एरियल बिघडलेले असेल तर त्याहून कितीतरी अधिक शक्ती वायरीतच जिरून जाते. पैसे यंत्रावर खर्च करण्यापेक्षा लक्ष तारेवर खर्च करावे, हे या छंदातले पहिले सूत्र. आणि तार तर हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

तार कशी मापावी

सर्वांत जुने आणि सर्वांत भरवशाचे एरियल म्हणजे मधोमध तोडलेली तार. आपल्या मराठी शास्त्रीय ग्रंथांत एरियलला 'आकाशक' असा सुरेख शब्द आहे. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकात रेडिओतरंग सिद्ध केले ते अशाच द्विभुज रचनेने. तिचे माप काढणे सोपे आहे. ३०० या संख्येस मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. आमचा पट्टा ७.१ मेगाहर्ट्झचा, म्हणजे तरंगलांबी सुमारे ४२ मीटर. तार तिच्या निम्मी हवी, आणि प्रत्यक्ष तारेत पाच टक्के कमी धरावी लागते. तेव्हा एकूण २० मीटर, म्हणजे प्रत्येक भुजा १० मीटर. जुन्या मापाने साडेपाच वाव.

सामान तेवढेच साधे. घरातील वायरिंगची बारीक वायर, टोकांना बांधण्यासाठी प्लास्टिकच्या नळीचे बोटभर तुकडे, मध्यभागी दोन्ही भुजा वेगळ्या ठेवणारी एक पट्टी, आणि तेथून यंत्रापर्यंत येणारी गोल केबल. ज्या केबलने घरात दूरदर्शनची चित्रे येत, तीही निभावून नेते. ताणण्यासाठी नायलॉनची दोरी, उभारण्यासाठी एक मेसकाठी. झाडाच्या फांदीवरून दोरी टाकायची तर शेतकऱ्याची गोफण किंवा अर्धी भरलेली पाण्याची बाटली पुरे. फक्त खाली कोणी उभे नाही हे आधी पाहावे.

हे सारे जमवून आम्ही गच्चीवर तार ताणली, आणि पहिल्या दिवशीच नामुष्की पदरी आली. तासभर हाका मारल्या, एकही उत्तर नाही. यंत्र मात्र तापू लागले. पुतण्याने यंत्र बिघडले असे ठरवून ते उघडायला घेतले. शेजारी एक निवृत्त हवालदार राहतात. त्यांची हयात सैन्याच्या संदेशवहनात गेली. त्यांनी कंपाउंडवरून पाहिले, आत आले, तारेला हात लावला आणि म्हणाले, "यंत्र शाबूत आहे. तार जास्त झालीय ओ. हिच्या अंगात झगा आहे, तो विसरलात."

सूत्र उघड्या तांब्याचे असते. आमच्या वायरीवर प्लास्टिकचे आवरण होते. आवरण असले की तार विजेच्या दृष्टीने आहे त्यापेक्षा लांब भासते. शिवाय ती जमिनीजवळ असली तरी तिचा सूर खाली उतरतो. आमची तार ७.१ ऐवजी ६.९ च्या आसपास सूर धरीत होती, म्हणून यंत्राची शक्ती तिच्यात न शिरता परत फिरत होती. परत येणाऱ्या शक्तीचे माप दाखवणारा छोटा मापक असतो, तो आम्ही जोडलाच नव्हता. हवालदारांनी तार कापू दिली नाही. प्रत्येक टोक वीतभर मागे दुमडून तारेलाच पिळून टाकले, मापक पाहिला, आणखी चार बोटे दुमडले, आणि थांबले. दुमडलेला भाग विजेच्या हिशेबी जवळजवळ नाहीसाच होतो, आणि उद्या लागला तर उलगडता येतो. शिंपी शिवणीत कापड राखून ठेवतो, तसे. पंधरा मिनिटांत बंगळूरच्या बाजूचा एक सज्जन उत्तर देत होता. यंत्र तेच होते, शक्तीही तीच होती.

प्रवासात दोन भुजा गैरसोयीच्या वाटल्यास वीस मीटरची सलग तार एका टोकाकडूनही चालवता येते. त्या टोकाचा संरोध यंत्राच्या सुमारे पन्नासपट असतो. तो जुळवण्यासाठी फेराइटच्या कड्यावर यंत्राकडे २ आणि तारेकडे १४ वेढे घालतात. सातपटीचा वर्ग एकोणपन्नास, म्हणून हे वेढे जुळतात. एक टोक झाडावर, दुसरे पायाशी. पिशवीत मावणारी ही सोय आहे.

उंच की बुटकी

आमची दुसरी चूक अधिक शिकवून गेली. लांबवर बोलायचे तर तार उंच आणि उभी हवी, असे आम्ही ऐकले होते. जावईबापूंचा परवाना आल्यावर, २०२० च्या अखेरीच्या थंडीत, परवान्याच्या अटी पाहून आणि पोलिसांना कळवून आम्ही येळ्ळूरच्या राजहंसगडाखालच्या माळावर गेलो. मासेमारीच्या लांब काठीला दहा मीटर तार उभी बांधली, जमिनीवर चार तारा पसरल्या. दूरच्या राज्यांतले आवाज शेजारच्या खोलीतून यावेत तसे स्पष्ट आले. निपाणी मात्र मुकी. जावईबापू तिकडे आणि आम्ही इकडे अर्धा तास घसा कोरडा करीत राहिलो.

कारण असे. उभी तार आपली शक्ती क्षितिजाकडे फेकते. ते तरंग तिरपे जाऊन आयनांबर या वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावर आदळतात आणि शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. जमिनीलगत जाणारा तरंग टेकड्या आणि झाडी यांत थोड्याच अंतरावर विरून जातो. या दोहोंच्या मध्ये जो पट्टा उरतो, तेथे काहीच पोहोचत नाही. निपाणी त्या पट्ट्यात सापडली होती. कारंज्याच्या तिरप्या धारेखाली उभा असलेला माणूस कोरडा राहावा, तसे.

याला उपाय उंची वाढवण्याचा नाही, कमी करण्याचा. आडवी तार जमिनीपासून पाच-सहा मीटरवर बांधली तर ती शक्ती सरळ वर फेकते. ती आयनांबरावरून परतून आपल्या भोवतीच्या तीन-चारशे किलोमीटरच्या मुलखावर पावसासारखी पडते. मध्ये डोंगर असो वा घाट, काही अडत नाही, कारण वाट वरून आहे. दुसऱ्या रविवारी आम्ही गच्चीवर मधोमध मेसकाठी उभी केली, तारेचे मध्य तिच्या टोकाशी आणि दोन्ही भुजा कौलारू छपराच्या पाख्यांसारख्या उतरत्या बांधल्या. तिकडे जावईबापूंनी गोठ्याच्या आढ्यावरून तशीच तार नेली. सकाळी नऊ वाजता त्यांनी आपले संकेतनाम उच्चारले, आणि मागून कन्येचा आवाज आला, "बाबा, चहा झाला का?" आमच्या सौभाग्यवतींनी हातातले काम टाकून जिना चढला, एवढेच सांगतो.

रात्री हे गणित बदलते. सूर्य मावळल्यावर आयनांबर विरळ होते, सात मेगाहर्ट्झचे तरंग जवळ न उतरता दूर जाऊ लागतात. जवळच्या गावासाठी मग याच्या निम्म्या कंप्रतेचा पट्टा आणि दुप्पट, म्हणजे चाळीस मीटरची तार लागते. म्हणून वेळा आधी ठरवून ठेवाव्यात. आमची वेळ सकाळी नऊची आहे.

तारेची थोरवी

तारेचे एक टोक काय करू शकते याची साक्ष इतिहासात ठायी ठायी आहे. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या वादळी किनाऱ्यावर मार्कोनींनी अटलांटिकपलीकडचा संकेत ऐकला तो पतंगाला बांधलेल्या सुमारे दीडशे मीटर तारेवर. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांच्या शोधपथकांना चुकवण्यासाठी तो घरोघर हलवावा लागे, आणि नोव्हेंबरमध्ये अटक होईपर्यंत तो बोलत राहिला. त्याची तरंगलांबी ४२.३४ मीटर होती. आमच्या गच्चीवरील तार ज्या पट्ट्यासाठी कापली आहे, तोच हा पट्टा. हे कळले त्या दिवशी आम्ही त्या वायरीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले.

नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांनी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अजस्र दुर्बिणी उभ्या केल्या, त्यांचे पृष्ठभागही भरीव पत्र्याचे नाहीत. बारीक पोलादी तारेच्या जाळीचे आहेत. वारा जाळीतून निघून जातो, रेडिओतरंगास मात्र ती जाळी आरशासारखी भासते. खर्च वाचला तो या युक्तीने.

आणि संकटाच्या वेळी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने जमीनदोस्त झाला, सुमारे दहा हजार माणसे गेली. तेव्हा हौशी रेडिओचालकांनी तेथे जाऊन संदेशवहनास हातभार लावला. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी छंदासाठीच पोर्ट ब्लेअरला गेले होते. त्सुनामीने बेटांचा संपर्क तुटला आणि त्यांचे हौशी केंद्र बेटांवरील माणसांचा निरोप मुख्यभूमीवर नेऊ लागले. कोणी त्यांना त्या कामासाठी नेमले नव्हते. तार बांधण्याचा सराव त्यांच्या हातात होता, एवढेच.

सावधगिरी

गृहस्थी वाचकांसाठी चार सूचना. विजेच्या खांबाजवळ किंवा तारांखाली एरियल कधीही नेऊ नये. तुटून पडले तरी ते विजेच्या तारेपर्यंत पोहोचणार नाही एवढे अंतर राखावे. बेळगावचा वळीव सर्वांच्या परिचयाचा आहे. आभाळ गडगडू लागले की केबल यंत्रापासून काढून घराबाहेर ठेवावी. बोलणे चालू असताना तारेच्या टोकाला हात लावू देऊ नये. शक्ती थोडी असली तरी टोकाशी दाब मोठा असतो आणि बोट पोळते. चौथी सूचना, मुलांच्या पतंगाच्या उंचीवर तार येत असेल तर तिला रंगीत चिंध्या बांधाव्यात.

नऊ वाजता

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढले. यमगर्णीपाशी महामार्ग पुन्हा बंद झाला. रात्री फोन पुन्हा गप्प झाला. पण या खेपेस घरात कोणी येरझारा घालीत नव्हते. सकाळी पावणेनऊला पुतण्या, हवालदार आणि आम्ही गच्चीखालच्या खोलीत जमलो. पाऊस कोसळत होता, मेसकाठी वाकली होती. गडगडाट नव्हता हे पाहून केबल जोडली. नऊ वाजले. नऊ वाजून पाच मिनिटे झाली. खरखरीशिवाय काही नाही. सौभाग्यवती दारात उभ्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. नऊ वाजून अकरा मिनिटांनी संकेतनाम आले, दबलेले पण स्पष्ट. "मामा, सगळे वरच्या माळ्यावर सुखरूप आहोत. गाई काल संध्याकाळीच माळावर नेल्या. गोठा पडला, म्हणून तार आंब्यावर टाकायला वेळ लागला. शेजारच्या घरी एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांचे औषध संपले आहे. नाव लिहून घ्या."

आम्ही नाव लिहून घेतले. ते योग्य ठिकाणी कळवले, आणि दुपारी नावेतून औषध पोहोचले. रस्ता काही दिवसांनी खुला झाला.

या सगळ्याचा खर्च एखाद्या बऱ्याशा मोबाइलपेक्षा कमी आला, आणि तारेचा खर्च तर सांगण्यासारखाही नाही. आमच्या समाजातील प्रत्येक गावी, निदान प्रत्येक नदीकाठच्या गावी, एका तरी घरात हे कसब असावे असे आम्हांस वाटते. मुलामुलींना परीक्षेस बसवावे. नियम वेळोवेळी बदलतात, ते ताजे पाहून घ्यावेत. शिकवणारा शोधायला फार लांब जावे लागणार नाही. सैन्यातून किंवा तारखात्यातून निवृत्त झालेली जाणती माणसे आपल्या गल्लीतच असतात, त्यांना कोणी विचारीत नाही एवढेच.

आमचे हवालदार आता थकले आहेत. तरीही दर रविवारी सकाळी काठी टेकत येतात, गच्चीकडे पाहतात आणि विचारतात, "तार ताठ आहे ना?" आम्ही होय म्हणतो. मग चहा होतो, आणि नऊ वाजायची वाट पाहत आम्ही सारे बसतो.